डंप, चिगुसा, बुल, होकुतो : जुनी जपानी महिला रेसलिंग बघणाऱ्यांसाठी धागा

आडवाट | शुक्रवार, रात्री ९:५०

डंप मात्सुमोतोवरची मालिका २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आली, तेव्हापासून इथे निरनिराळ्या धाग्यांवर एकच प्रश्न फिरतोय. मालिका बघून झाली, आता खऱ्या मॅचेस कुठल्या बघायच्या? मग कोणीतरी अमेरिकन समीक्षकांच्या 'पाच तारे' यादीतली नावं चिकटवतं, विचारणारा त्यातली पहिली लावतो, अर्धा तास दोन अनोळखी बायका एकमेकींना आपटताना बघतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. मॅच चांगलीच असते. पण त्या दोघी कोण आणि एकमेकींवर एवढ्या का चिडल्यात हेच त्याला ठाऊक नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे रेसलिंग सुट्या मॅचेस उचलून बघू नका. एक वैर धरा आणि ते सुरू झालं तिथपासून मिटेपर्यंत बघा. आणि सुरुवात १९९३ पासून नको, १९८५ पासून करा. (यावर भांडण होणार हे माहीत आहे. या.)

थोडी पार्श्वभूमी, माहीतगारांनी ओलांडून पुढे जावं. ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंग, बोलीत 'झेन्जो'. मात्सुनागा बंधूंनी १९६८ मध्ये काढलेली कंपनी, २००५ मध्ये बंद पडली. तोक्योत मेगुरोला बस्तान, तिथेच तालीम आणि नव्या मुलींची राहायची सोय. वर्षाला अडीचशे-तीनशे खेळ, बसने गावोगाव. मुली पंधरा-सोळाव्या वर्षी यायच्या. दारू, सिगारेट आणि पुरुष, तिन्ही वर्ज्य. पंचविशी आली की निवृत्ती. १९७६ मध्ये जॅकी सातो आणि माकी उएदा यांची 'ब्यूटी पेअर' आली. त्या रिंगमध्ये गायच्या, रेकॉर्डी तुफान खपल्या, आणि शाळकरी मुलींनी हॉल भरायला लागले. फेब्रुवारी १९७९ मध्ये तोक्योच्या बुदोकान हॉलला त्या दोघींनाच एकमेकींसमोर उभं केलं. हरेल तिने रेसलिंग सोडायचं. माकी हरली आणि गेली. मालक लोकांचा हिशोब कसा चालायचा ते एवढ्यावरून कळावं.

मग १९८३ मध्ये क्रश गॅल्स, म्हणजे चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका. पुन्हा गाणी, पुन्हा शाळकरी मुली, पण या वेळी वेड कितीतरी मोठं.

आता मुख्य मॅच. २८ ऑगस्ट १९८५, ओसाका-जो हॉल, चिगुसा विरुद्ध डंप मात्सुमोतो. हरेल तिचं मुंडण. डंप तोंड रंगवून, काळ्या चामड्यात, हातात केन्दोची बांबूची तलवार, मागे तिची 'गोकुआकु दोमेई' टोळी. रेफ्री शिरो आबे उघडउघड टोळीचा माणूस. डंपने दाबून धरलं की याचा हात भराभर पडतो. चिगुसाने धरलं की याला खांदे दिसेनासे होतात.

डावपेच म्हणाल तर फार नाहीत. मारामारी आणि रक्तच जास्त. पण आवाज बंद करून बघू नका, हेडफोन लावा. पुरुषांच्या रेसलिंगला जो घोगरा गलका असतो तो इथे ऐकू येत नाही. तेरा-चौदा ते सतरा-अठरा वर्षांच्या हजारो मुली सलग, उंच सुरात किंचाळतायत. चिगुसा हरते, रिंगमध्येच तिच्या केसांवर कात्री आणि मग मशीन फिरायला लागतं, आणि कॅमेरा पुन:पुन्हा मुलींकडे वळतो. कोणी रुमालात तोंड खुपसलंय, कोणी मैत्रिणीचा दंड घट्ट धरलाय, कोणाचा हुंदका वर येतो तो खाली जायला तयार नाही. हे सगळं फुजी टीव्हीवर, आख्खं घर टीव्हीसमोर बसलेलं असतं त्या वेळेला.

आणि आता खरी गंमत. चिगुसा आणि डंप दोघी १९८० च्या एकाच तुकडीतल्या. लायनेस आसुका आणि युकारी ओमोरी त्याच तुकडीच्या. एकत्र झाडू मारला, एकत्र वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या. ७ नोव्हेंबर १९८६ ला त्याच हॉलमध्ये परतफेड झाली आणि डंपचं डोकं भादरलं गेलं. पण तिथे थांबू नका. २५ फेब्रुवारी १९८८ बघा. डंप आणि ओमोरीच्या निरोपाची रात्र. ठरलेली मॅच संपल्यावर चौघी जोड्या बदलून पुन्हा उभ्या राहतात, आणि डंप चिगुसाच्या बाजूने असते. आधीची तीन वर्षं बघितली असतील तरच याला अर्थ आहे. नाहीतर चार बायका टॅग मॅच (जोडी विरुद्ध जोडी) खेळतायत, बस्स.

इथून पुढची पायरी म्हणजे बुल नाकानो आणि आजा काँग. दोघी डंपच्याच टोळीत वाढलेल्या. १४ नोव्हेंबर १९९०, योकोहामा, पिंजऱ्यातली मॅच. बुल पिंजऱ्याच्या टोकावर चढते, तिथे तोल सावरत हात जोडते, आणि खाली पडलेल्या आजावर पाय सोडून उडी मारते. त्या हात जोडण्यावर मी कितीतरी वेळा मागे नेऊन थांबलोय. प्रार्थना आजासाठी की स्वत:साठी, हे अजून ठरत नाही.

तुमचं काय म्हणणं?

जाईजुई | शुक्रवार, रात्री १०:१५

मस्त धागा. मालिका मी दोन दिवसांत संपवली होती. पण मला रक्त बघवत नाही हो, अगदी खोटं असलं तरी. मुंडणाची मॅच सुरू करून पाचव्या मिनिटाला बंद केली. रक्ताशिवाय काही आहे का, की माझ्यासारखीने या धाग्यावर नुसतं वाचत बसायचं?

उंटावरचा_शहाणा | शुक्रवार, रात्री १०:३२

सगळी नुरा कुस्ती. निकाल आधी ठरलेला, रेफ्री मिळालेला, रडणाऱ्या मुली तेवढ्या खऱ्या. एवढा वेळ असेल तर ऑलिम्पिकच्या कुस्त्या बघा की. जपानच्याच बायका आहेत तिथे, साओरी योशिदा आणि काओरी इचो. आणि त्या खऱ्या कुस्त्या आहेत.

आडवाट | शुक्रवार, रात्री १०:५८

जाईजुई, तुमच्यासाठीच एक आहे. जॅग्वार योकोता विरुद्ध लायनेस आसुका, २२ ऑगस्ट १९८५, बुदोकान. मुंडणाच्या बरोबर सहा दिवस आधीची. टोळी नाही, साखळ्या नाहीत, आबे नाही. जॅग्वार तेव्हा लाल पट्ट्याची, म्हणजे झेन्जोच्या सर्वांत मोठ्या किताबाची मानकरी, अंगाने लहानखुरी. तिचं काम एवढं नेमकं की आज चाळीस वर्षांनी लावली तरी जुनाट वाटत नाही. पुलावर जाऊन (मान आणि पाय टेकून अंगाची कमान करून) ती ज्या तऱ्हेने सुटते ते दोनदा बघा. पुढे खांद्याच्या दुखापतीमुळे तिने १९८६ मध्ये निवृत्ती घेतली आणि मुलींना शिकवायला लागली. नव्वदच्या दशकातल्या ज्या ज्या नावांवर खारीचा_वाटा आता येऊन भाषण देणार आहे, त्यातल्या बऱ्याच जणी तिच्या हाताखालून गेल्या आहेत.

शहाणे, निकाल ठरलेला असतो हे नाटकाला जाणाऱ्यालाही माहीत असतं, म्हणून तो तिकिटाचे पैसे परत मागत नाही. पण झेन्जोबद्दल एक मजेशीर गोष्ट आहे. नव्या मुलींच्या मॅचेसमध्ये बराच भाग ठरवून होई, पण शेवटचं दाबून धरणं खरं असे. जी खरोखर सुटू शकली नाही ती हरली. निवृत्त झालेल्या अनेकींनी नंतर मुलाखतींतून हे सांगितलंय. मालकांना कोणाला वर आणायचं ते त्यावरूनही ठरायचं म्हणे. म्हणजे तुमची नुरा कुस्ती आणि निकाली कुस्ती एकाच दहा मिनिटांत.

आणि पूर्ण खरीच हवी असेल तर जुलै १९८७ मधली जॅकी सातो विरुद्ध शिनोबू कांदोरी. कांदोरी ज्यूदोतली, जागतिक स्पर्धेतलं कांस्य घेऊन आलेली. दोघींत आधीपासून बिनसलं होतं. मधेच ठरलेलं सगळं बाजूला पडलं आणि कांदोरीने जॅकीला खरोखर झोडपून हात पिरगाळला. बघायला आनंद होत नाही, आधीच सांगतो.

तालीमवाला | शनिवार, सकाळी ७:०५

आमच्याकडे सकाळच उजाडते तालमीत, म्हणून उशिरा.

रेसलिंग मला फारसं कळत नाही, पण हे सगळं वाचून १९५४ साल आठवलं. मिल्ड्रेड बर्क ही अमेरिकन बाई त्या वर्षाच्या नोव्हेंबरात आपल्या बायकांचा ताफा घेऊन जपानला गेली, आणि तिथे बायकांच्या रेसलिंगला खरी हवा मिळाली. झेन्जोचा जो लाल पट्टा आडवाट म्हणतायत, त्याचं घराणं तिच्या संघटनेपर्यंत जातं. त्याच वर्षी आपल्याकडे हमीदा बानू पुरुषांशी कुस्त्या खेळत होती. मे महिन्यात बडोद्याला बाबा पैलवानाला एक मिनिट चौतीस सेकंदांत चीत केलं. मुंबईत व्हेरा चिस्टिलिन नावाच्या रशियन बाईला लोळवलं. आणि कोल्हापुरात शोभासिंग पंजाबीला हरवलं तर लोकांनी दगड भिरकावले. पुण्यातली कुस्ती तर संघटनेच्या विरोधामुळे झालीच नाही. पुढे ती कल्याणला दूध विकून राहिली, असं वाचलंय.

जपानात त्या सुमारास पाया घातला गेला आणि वीस-बावीस वर्षांत शाळकरी मुलींनी हॉल भरले. आपल्याकडे महिला महाराष्ट्र केसरी सुरू व्हायला २०२३ उजाडलं. सांगलीत प्रतीक्षा बागडीने पहिली गदा घेतली. मधल्या सत्तर वर्षांचं काय, हा प्रश्न मी आमच्या वस्तादांना विचारला होता. त्यांनी खुराकाचा विषय काढला.

खारीचा_वाटा | शनिवार, सकाळी ११:२०

भाषण द्यायला आलोय.

आडवाटेचा मुद्दा अर्धा मान्य. एक वैर धरा, हे शंभर टक्के खरं. पण १९८५ पासून सुरुवात केली की नव्या माणसाला रेफ्रीची चीडच जास्त येते. टीव्हीच्या जुन्या रेकॉर्डिंगची कॉपीची कॉपीची कॉपी, चित्रात मुंग्या, आणि वीस मिनिटं आबेची बदमाशी. माझा नव्या माणसाला सल्ला: २ एप्रिल १९९३, योकोहामा अरिना, अकिरा होकुतो विरुद्ध शिनोबू कांदोरी. बस.

होकुतो कोण हे दोन ओळींत. १९८७ मध्ये ती हिसाको उनो या खऱ्या नावाने खेळायची, वय एकोणीस. टॅग मॅचमध्ये वरच्या दोरीजवळून डोक्यावर आपटली आणि मान मोडली. तीन डावांची मॅच, दोन डाव बाकी. पोरीने दोन्ही हातांनी स्वत:चं डोकं जागेवर धरून मॅच पूर्ण केली. हे ठरवलेलं नव्हतं, रेकॉर्डिंग आहे. परत आली ती अकिरा होकुतो होऊन, आणि पुढे तिचा एकही अवयव धड राहिला नाही. गुडघा, खांदा, पोट. पट्ट्यांवर पट्ट्या.

तर १९९३. झेन्जोच्या बाहेरच्या कंपन्या पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणात समोर आल्या होत्या. जपान विमेन्स प्रो-रेसलिंग फुटून १९९२ मध्ये जेडब्ल्यूपी आणि एलएलपीडब्ल्यू अशा दोन झाल्या होत्या, आणि कांदोरी दुसरीत. म्हणजे होकुतो घरची, कांदोरी पाहुणी, तीही ज्यूदोवाली, तीही वर उल्लेख केलेल्या जॅकीच्या मॅचमुळे बदनाम. आयोजकांच्या आकड्यानुसार प्रेक्षक १६,५००.

सुरुवातीलाच कांदोरी हात पकडते आणि होकुतोचा खांदा गेल्यासारखा होतो. अजून हॉल नीट बसलासुद्धा नाही! पुढे रिंगबाहेर डोक्यावर आपटणं, होकुतोचे पिवळे केस लाल. शेवटाकडे डाव संपतात. दोघींना उभं राहवत नाही आणि दोघी नुसत्या ठोसे मारतायत. शेवटचा ठोसा दोघींचा एकाच वेळी लागतो, दोघी पडतात, आणि होकुतो कशीबशी सरकत तिच्या अंगावर जाते. तीस मिनिटांत ना कोणाची टोळी आली, ना रेफ्रीची चलाखी. पार्श्वभूमी न सांगता माझ्या बायकोला दाखवली. ती भाजी निवडत बसली होती, पाचव्या मिनिटाला सुरी खाली ठेवली.

डिसेंबर १९९३ मधली परतीची मॅच कांदोरीने जिंकली. तीही बघा, पण पहिलीच्या आठवड्यात नको.

(अवांतर: ज्यांनी व्हीएचएसचा काळ बघितलाय त्यांना सांगतो, एका मित्राने अमेरिकेतून मला असली कॅसेट आणली होती. तिकडची एनटीएससी, आपला व्हीसीआर पाल. चित्र काळंपांढरं आणि वरखाली पळतंय. त्यात होकुतोचं रक्त राखाडी दिसायचं. जाईजुई, तुम्हाला तसली कॅसेट चालली असती.)

जाईजुई | शनिवार, दुपारी १:४०

राखाडी रक्त :D

जॅग्वार-लायनेस बघितली. आडवाट, धन्यवाद. मला वाटलं होतं लायनेसच जिंकणार, सगळा हॉल तिच्या बाजूने होता. जॅग्वार जिंकली तेव्हा मुलींचा आवाज एकदम पडला, ते फार लागलं. एक विचारायचं होतं. प्रेक्षक सारखे रंगीत कागदी पट्ट्या रिंगमध्ये फेकतात ते काय? आणि दर वेळी एवढ्या लवकर गोळा कोण करतं?

निशिकासाईकर | शनिवार, दुपारी ४:१०

मी उत्तर देते, कारण परवाच माझ्या डोक्यावरून गेल्या.

त्या कागदाच्या फिती असतात. प्रत्येक रेसलरचा रंग ठरलेला. तिचं नाव पुकारलं की त्याच क्षणी फेकायच्या, आधी नाही, नंतर नाही. मधली पुठ्ठ्याची गुंडाळी काढून टाकायची असते, नाहीतर कोणाच्या तरी कपाळाला टेंगूळ. त्यासाठी लोक घरून फीत उलटी गुंडाळून, गाभा काढून आणतात. माझ्या शेजारच्या आजोबांच्या पिशवीत अशा तयार फितींचा ढीग होता, त्यांनी मला एक दिली आणि कशी धरायची ते दाखवलं. टोक करंगळीत अडकवायचं. माझी रिंगपर्यंत गेलीच नाही, पुढच्या रांगेतल्या माणसाच्या टोपीवर पडली. गोळा करायला रिंगच्या चारी बाजूंनी नव्या शिकाऊ मुली उभ्या असतात. घंटा व्हायच्या आत मिठीत भरून नेतात. आजची मोठी नावंही कधी ना कधी हे करून आलेली.

हा कोराकुएन हॉल. आमच्या निशिकासाईहून तोझाई लाइनने इइदाबाशी, तिथून पिवळ्या गाडीने एकच स्टेशन, सुइदोबाशी. पाचव्या मजल्यावर. लिफ्टने जाऊ नका, जिन्याने जा. भिंतभर चाहत्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलंय, जागा उरलेली नाही. हॉल लहानसा आहे, दोन हजारांच्या आतबाहेर माणसं मावतात. शेवटच्या रांगेतूनसुद्धा पाठीवर चापट बसल्याचा आवाज येतो.

या हॉलवरून माझी भर. १५ ऑगस्ट १९९२, मानामी तोयोता विरुद्ध तोशियो यामादा. मुंडणाचीच अट, पण इथे दोघी टॅगमधल्या जोडीदार आणि मैत्रिणी. तोयोता जिंकते. पुढे काय होतं ते सांगते, कारण जाईजुई, इथे रक्त नाही. यामादा शांतपणे केस कापून घ्यायला बसते आणि तोयोता वेड्यासारखी रडत कात्री अडवायला धावते. माझे कापा म्हणते. इतर मुली तिला धरून ठेवतात. जिंकलेलीला धरून ठेवायला लागतं! आडवाटांच्या १९८५ वाल्या मुंडणाची ही बरोबर उलटी बाजू आहे. दोन्ही पाठोपाठ बघाव्यात असं माझं मत.

सातारी_कंदी | शनिवार, रात्री ८:३०

सगळे रंगात आलेत म्हणून जरा मिठाचा खडा टाकते.

पंचविशीत निवृत्ती, पुरुष वर्ज्य, वर्षाला अडीचशे खेळ. आडवाट, तुम्ही हे दोन ओळींत 'पार्श्वभूमी' म्हणून उरकलंत. एकोणीस वर्षांची मुलगी मोडलेली मान हातात धरून मॅच पूर्ण करते, हे मी 'जिद्द' म्हणून वाचू शकत नाही. तिला थांबवायला एकही मोठं माणूस पुढे आलं नाही, मी तेच वाचते. क्रश गॅल्सच्या जोरावर मात्सुनागांनी पैसा कमावला, जमिनीत आणि हॉटेलांत घातला, जमिनींच्या भावाचा फुगा फुटल्यावर १९९७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. मुलींचे पगार थकले, एकेक करून बऱ्याच जणी बाहेर पडल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिरोशिमाला जेडब्ल्यूपीची प्लम मारिको मॅचनंतर शुद्धीवर आलीच नाही. वय एकोणतीस. जपानी महिला रेसलिंगमधला रिंगमुळे झालेला तो पहिला मृत्यू.

बघू नका असं म्हणत नाही, मीही बघते. पण बघताना हे ओलांडून पुढे जायचं नाही.

आडवाट | शनिवार, रात्री ९:१५

बरोबर बोललात. त्यात एक भर घालतो, सफाई म्हणून नाही. त्या पंचविशीच्या नियमाला मुलींनीच सुरुंग लावला. चिगुसा मे १९८९ मध्ये योकोहामा अरिनात निवृत्त झाली आणि एप्रिल १९९३ मध्ये त्याच अरिनात परत उभी राहिली, डेव्हिल मासामीसमोर. तीच रात्र, होकुतो-कांदोरीची. पुढे तिने स्वत:ची गाएआ जपान काढली, एप्रिल १९९५ मध्ये पहिला खेळ, दहा वर्षं चालवली. आजा काँगने आर्सिओन काढली, क्योको इनोऊएने निओ. मालकांनी ज्यांना पंचविशीला घरी पाठवायचं ठरवलं होतं, त्या चाळिशी-पन्नाशीत खेळल्या. आजा काँग तर अजून खेळते.

ती डबा मारते तो सीन ज्यांना माहीत नाही त्यांनी आजाची कुठलीही मॅच लावावी. अठरा लिटरचा पत्र्याचा डबा, आपल्याकडे तेलाचा असतो तसलाच. दणका असा की मुंबईच्या चाळीत चार मजले कळेल.

उंटावरचा_शहाणा | रविवार, सकाळी १०:०५

खारीच्या_वाट्याची १९९३ वाली बघितली. अर्धी बघून टोमणा मारायचा विचार होता. पूर्ण बघितली. निकाल ठरलेला होता यावर मी ठाम आहे. पण शेवटची पाच मिनिटं कोण जिंकतंय ते मला कळत नव्हतं, आणि मला ते कळायला हवं होतं. पुढची कुठली?

खारीचा_वाटा | रविवार, सकाळी १०:२०

या शहाणे, या!

पुढची म्हणजे तीन मॅचेसची माळ. मानामी तोयोता-तोशियो यामादा (होय, वरच्या मुंडणातल्याच दोघी, तीन महिन्यांत पुन्हा जोडीने) विरुद्ध जेडब्ल्यूपीच्या डायनामाइट कान्साई-मायुमी ओझाकी. नोव्हेंबर १९९२ ला कावासाकीत झेन्जोवाल्या जिंकल्या. ११ एप्रिल १९९३ ला ओसाकात पाहुण्यांनी पट्टे नेले. डिसेंबरात ते परत आले. मधली सर्वांत चांगली, पण आडवाटेच्या नियमाप्रमाणे पहिलीपासून बघा. कान्साईच्या लाथा ऐका. यामादाही लाथांवालीच, त्यामुळे त्या दोघी समोरासमोर आल्या की मधे कोणी येत नाही. ओझाकी चौघींत सर्वांत लहान चणीची आणि सर्वांत पाताळयंत्री. तोयोता दर दोन मिनिटांनी किंचाळत धावत येऊन ड्रॉपकिक मारते, सवय करून घ्या.

तोयोता आवडली तर मग ७ मे १९९५, कोराकुएन, क्योको इनोऊएबरोबर साठ मिनिटांची बरोबरी. नाही आवडली तर त्या वाटेला जाऊ नका, तासभर तेच आहे.

तालीमवाला | रविवार, दुपारी १२:३०

आमच्या तालमीतल्या दोन मुलींना बुल नाकानोची पिंजऱ्याची मॅच मोबाइलवर दाखवली. एकीने विचारलं, वजन किती हिचं? दुसरीने विचारलं, उडी मारताना गुडघ्याला काही होत नाही का? रेसलिंग खरं की खोटं हा प्रश्न दोघींनाही पडला नाही. वस्ताद मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, पकड चांगली आहे, पण केस एवढे उभे करून सरावाला आलीस तर परत पाठवीन.

आडवाट | रविवार, दुपारी १२:५०

वस्तादांना सांगा, ती २०२४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये गेली. मधल्या काळात गोल्फही खेळली. केस आता खाली आहेत.

तिच्याबद्दल अजून एक. डब्ल्यूडब्ल्यूएफचा (डब्ल्यूडब्ल्यूईचं तेव्हाचं नाव) महिला पट्टा तिने नोव्हेंबर १९९४ मध्ये तोक्यो डोममध्ये अलुंड्रा ब्लेझकडून घेतला. आमच्या पिढीला डब्ल्यूडब्ल्यूएफ माहीत, पण आमच्या डोंबिवलीच्या व्हिडिओ लायब्ररीत जपानी बायका पहिल्यांदा दिसल्या त्या जम्पिंग बॉम्ब एंजल्स, इत्सुकी यामाझाकी आणि नोरियो तातेनो. जानेवारी १९८८ च्या पहिल्या रॉयल रम्बलमध्ये त्यांनी टॅगचे पट्टे जिंकले. बाकी सगळा कार्यक्रम धिप्पाड पुरुषांचा आणि मधेच या दोघी दुप्पट वेगाने. लायब्ररीवाल्याला 'असलंच अजून' मागितलं तर त्याने हल्क होगन हातात दिला.

निशिकासाईकर | रविवार, दुपारी २:००

तोक्यो डोमची ती रात्र म्हणजे 'बिग एग रेसलिंग युनिव्हर्स'. २० नोव्हेंबर १९९४. सगळ्या महिला कंपन्या एका छपराखाली, जाहीर केलेला आकडा ४२,५००, वीसहून जास्त मॅचेस, जवळपास दहा तास. शेवटची मॅच होकुतो विरुद्ध आजा, होकुतो जिंकली. तोवर शेवटच्या गाड्यांची वेळ होत आली होती. इथल्या जुन्या लोकांना कोणी तो विषय काढला की पहिलं वाक्य होकुतोचं नसतं, घरी कसे पोचलो त्याचं असतं.

जाईजुई | रविवार, दुपारी २:२५

दहा तास?? सलग?

खारीचा_वाटा | रविवार, दुपारी २:३०

सलग. मधे शूटबॉक्सिंग आणि बायकांची सूमोसुद्धा आहे. ते पुढे ढकला, बाकीचं बघा. बुल-अलुंड्रा चुकवू नका.

जाईजुई | रविवार, दुपारी २:४१

ढकलणार नाही, सगळं बघणार. पुढच्या रविवारी सकाळी नाश्ता झाला की लावते, कोणाला बरोबर बघायचं असेल तर इथेच लिहीत बसू. रक्त आलं की मला आधी सांगा, मी तेवढ्यात कुकर लावून येईन.

उंटावरचा_शहाणा | रविवार, दुपारी २:४४

मी आहे. निकाल आधी कोणी सांगू नका. होकुतोचा सांगितलात तेवढा पुरे.